शेन्ग, गुडग आणि सुनाली

चहा घ्या, पण घोट जरा जपून. मागच्या वेळी हे ऐकताना आमच्या नणंदेला असा ठसका लागला, की अर्धा कप चहा माझ्या नव्या चादरीवर गेला.

आपली फजिती आपणच सांगून टाकावी, या मताची मी आहे. निदान तिखट-मीठ आपल्या हाताचं राहतं. आणि लपवून तरी कुणापासून लपवणार? शाळेच्या हॉलमध्ये, माईकवर, दीडशे पालकांसमोर झाली ती!

मी बेळगावात एका शाळेत कॉम्प्युटर शिकवते. हेडबाईंच्या मोबाईलचा आवाज बंद झाला, की त्या मला बोलावतात. शेजाऱ्यांचा टीव्ही अडला, की मी जाते. थोडक्यात काय, टिळकवाडीतल्या आमच्या गल्लीत बटण असलेल्या कुठल्याही वस्तूबद्दल शेवटचा शब्द माझा. तसं मीच ठरवलं होतं.

आता आक्का. आक्का म्हणजे माझ्या सासूबाई. सगळा जन्म निपाणीजवळच्या खेड्यात, तंबाखूच्या शेतात गेला. घरात मराठी, शेजारी कन्नड, आणि बाजारात जी हिंदी बोलायच्या ती त्यांनी स्वतःच तयार केलेली. गेल्या वर्षी गुडघा दुखायला लागला, म्हणून सुकुमारनं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, त्यांना इकडं आणलं. तो बँकेत, मी शाळेत. आक्का दिवसभर एकट्या.

म्हणून मी ती डबी आणली. बोललं की गाणी लावते ना, ती गोल डबी. तिचं नाव मी मुद्दाम घेत नाही. आत ओट्यावर आहे ती. नाव ऐकलं की लगेच ओ देते आणि मधेच बोलायला लागते.

आणली, आणि आक्कांसाठी गाणीही मीच निवडली. दोन रविवार खर्ची घातले! संथ बासरी, शांत स्तोत्रं, ध्यानाचं संगीत, मधूनमधून पक्ष्यांचा किलबिलाट. वयस्कर माणसांना काय आवडतं हे मला पक्कं माहीत होतं. कसं माहीत होतं? असंच!

"आक्का, हिला हाक मारायची आणि 'माझी गाणी' म्हणायचं. एवढंच. बाकी काही करू नका, बिघडेल."

"व्हय गं बाई. मी कशाला काय करतो?" आक्का म्हणाल्या. (आमच्याकडं बायकाही 'करतो, जातो'च म्हणतात. दचकू नका.)

आणि काय सांगू, जादू झाली! संध्याकाळी पाच वाजून दहा मिनिटांनी मी स्कूटर गेटजवळ लावायची, तो आतून बासरी. आक्का खुर्चीत डोळे मिटून. मला इतकं भरून यायचं! स्टाफरूममध्ये मी सगळ्यांना सांगत सुटले. "ज्येष्ठांची आवड ओळखता आली पाहिजे हो!"

पुढं दोन-तीन महिन्यांनी एकदा मधल्या सुट्टीत मोबाईलवर त्या डबीचं अ‍ॅप उघडलं. तर 'तुमच्यासाठी खास' म्हणून काय काय सुचवलंय? हलगी! जुन्या कन्नड नाटकांतली पदं! लग्नाच्या वरातीतला बँड!

मला? गझल ऐकणाऱ्या बाईला वरातीचा बँड?

खाली पाहते तर तीन नव्या याद्या. मी न केलेल्या! इंग्रजी अक्षरांत तीन नावं होती. मी मोठ्यानं वाचली. "शेन्ग. गुडग. सुनाली."

शेजारी आमच्या कन्नडच्या शैला टीचर डबा खात होत्या. त्यांचा घास तसाच थांबला.

"हे चायनीज दिसतंय री!"

"चायनीज?"

"मग? शेन्ग आणखी कुठला असणार? तुमचं अकाउंट हॅक झालंय!"

"आणि गुडग?"

"त्याचा पार्टनर."

"पण सुनाली?"

शैला टीचरनी डब्याचं झाकण लावलं. आवाज खाली आणला. "टीचर, तुमचे मिस्टर बँकेतून वेळेवर येतात ना?"

झालं! त्या संध्याकाळी मी भाजी फोडणीला टाकण्याआधी सुकुमारला गाठलं.

"सुनाली कोण?"

"कोण सुनाली?"

"तेच विचारतेय मी."

"तुझ्या वर्गातली आहे का?"

"तू तिच्यासाठी गाण्यांची यादी केलीस?"

"मी?" तो हसायलाच लागला. "अगं, मला सकाळचा गजर तू लावून देतेस!"

हे मात्र खरं होतं. या माणसानं यादी करणं शक्य नव्हतं. म्हणजे उरला कोण? हॅकर! आमच्या घरात हॅकर शिरला होता, आणि तोही साथीदार घेऊन.

मग माझ्यातली कॉम्प्युटर टीचर जागी झाली. पासवर्ड बदलला. डबीची वायर उपटली. तरी जिवाला शांती नाही. आत माईक असतो ना! ऐकत बसला असला तर? म्हणून ती दोन टॉवेलांत गुंडाळली आणि कपाटात साड्यांखाली ठेवली. याद्या मात्र पुसल्या नाहीत. पुरावा होता तो.

आक्कांना सांगितलं नाही. घाबरल्या असत्या.

"डबी कुठं गेली गं?"

"दुरुस्तीला दिलीय, आक्का."

"दुपारपातूर तर चांगली व्हती की."

पुढचे तीन दिवस घर असं गप्प झालं म्हणता! आक्का शेंगा फोडायला बसायच्या आणि चार शेंगा फोडून सूप बाजूला सारायच्या. गुडघ्याचा व्यायाम करा म्हटलं, तर म्हणाल्या, "आज नगं वाटतंय." जेवण तर त्यांचं नेहमीच दिवस मावळायच्या आत, पण त्या तीन दिवसांत अर्धी भाकरी तशीच ताटात राहायची. मला वाटलं, माझ्या बासरीची आठवण येतेय बिचाऱ्यांना. मनात म्हटलं, त्या शेन्गला सोडणार नाही मी!

त्यातच शनिवारी शाळेत पालकसभा होती. विषय सायबर सुरक्षा. वक्त्या कोण? अर्थात मी! हेडबाईंना माझी हकीकत कळली तशा त्या म्हणाल्या, "टीचर, हेच उदाहरण द्या. स्वतःचा अनुभव लोकांना भिडतो."

भिडतो म्हणजे काय, भिडलाच!

"सून भाषण करणार आणि मी घरात बसू?" असं म्हणत आक्काही आल्या. इरकल साडी नेसून, काठी टेकत, दुसऱ्या रांगेत मधोमध बसल्या. शेजारच्या बाईला सांगतही होत्या, "ती माझी सून."

मी सुरुवात झकास केली. "पालकहो, हॅकर दार ठोठावून येत नाही! तो तुमच्या घरात राहतो, तुमच्या वस्तू वापरतो, आणि तुम्हाला पत्ता नसतो!"

मी बटण दाबलं. पडद्यावर माझ्या मोबाईलचं ते पान, हे एवढं मोठं!

"ही बघा त्यांची नावं. हा शेन्ग. हा रोज सकाळी अकराला कामाला लागतो. बरोबर पाऊण तास! तो गेला की हा गुडग येतो. दहा मिनिटांत काम उरकून गायब! आणि ही सुनाली." इथं मी थांबले. भाषणात थांबायचं कुठं हे मला चांगलं कळतं. "ही रोज संध्याकाळी पाच वाजून दहा मिनिटांनी सुरू होते. म्हणजे मी घरी पोचते त्याच क्षणी! पालकहो, यांना माझी येण्याची वेळ माहीत आहे!"

एका बाईनं आपल्या पर्समधला मोबाईल काढून बंद केला. मी तिच्याकडं पाहून समाधानानं मान हलवली.

तेवढ्यात मागून एक आजोबा म्हणाले, "मॅडम, ते शेंगा तर न्हवं?"

"काय?"

"शेंगा ओ. खायच्या."

आणि दुसऱ्या रांगेतून काठीचा आवाज आला. आक्का उठल्या होत्या.

"स्मिता, अगं, त्ये मीच हाय की!"

आता तुम्हीच सांगा, अशा वेळी माणसानं कुठं बघायचं? मी पडद्याकडं बघितलं. तिथं दोन फुटी अक्षरांत लिहिलेलं आता आंधळ्यालाही वाचता आलं असतं. शेंगा. गुडघा.

हॉलमध्ये हशा असा फुटला की पंखे हलले. हेडबाई मात्र हुशार. त्यांनी माझ्या हातातला माईक काढून आक्कांकडं नेला. "आजी, हे तुम्ही केलंत? कसं?"

"कसं म्हंजे? शेंगा फोडताना हलगीचं गाणं लागतंय. हात झपाझप चालतोय. म्हणून ती येगळी केली. गुडघ्याला जरा दमादमानं लागतंय, म्हणून ती येगळी."

"पण हे करता येतं हे तुम्हाला सांगितलं कुणी? सूनबाईंनी?"

"न्हाय बा. त्या डबीलाच इचारलं की. 'तेरेकू क्या क्या आता हाय?' म्हटलं. तिनं सगळं सांगितलं."

मी अख्खी माहितीपुस्तिका वाचली होती. डबीलाच विचारावं, हे काही मला सुचलं नव्हतं!

"पयल्यांदा लई रडकी गाणी लावायची," आक्का रंगात आल्या. "मी चिडलो न्हाय. रोज सांगायचं, 'ये नक्को, दुसरा लगाव.' चांगलं लागलं की 'ये अच्छा हाय, शेंगा में डाल.' नुसतं नगं म्हणून भागत न्हाय. चांगलं केलं तर चांगलं म्हणायला पायजे. माणसाचंबी तसंच हाय. पंधरा दिवसांत सुधारली बघा."

टाळ्या! एक पालक तर वहीत लिहून घेत होते. माझ्या भाषणातलं एक अक्षर कुणी लिहिलेलं नव्हतं.

"आणि आजी, ही सुनाली?" हेडबाईंनी विचारलं.

आक्का पहिल्यांदाच गडबडल्या. "त्ये ऱ्हाऊ दे."

"सांगा की!" सगळा हॉल ओरडला.

आक्कांनी माझ्याकडं बघितलं, मग माईककडं, मग खाली. "सुनाली न्हवं त्ये. सून आली."

"म्हणजे?"

"गेटवर हिची स्कूटर वाजली की मी म्हणतो, 'सून आली लगाव.' मग हिनं माझ्यासाठी निवडलेली गाणी लागत्यात. ती बासरी आन् पाखरं."



"मग ती तुम्हाला आवडतात?" हेडबाई कुठं थांबायला तयार होत्या!

"झोप लई चांगली लागते त्यानं," आक्का म्हणाल्या. हॉल पुन्हा फुटला. त्यांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. "हसू नगा. पोरगी दोन सुट्ट्या घालवून गाणी शोधत बसलती माझ्यासाठी. दिवसभर तुमच्या पोरांसंगं घसा फोडून येती. आत पाय टाकताना ती गाणी ऐकली की तिचं तोंड असं उजळतंय! त्ये बघायला मिळतंय न्हवं मला? मग वाजंनात पाखरं दहा मिनिटं."

खरं सांगते, मला हसूही येत होतं आणि रडूही. मी माईकशिवायच विचारलं, "आक्का, मला आधी का नाही सांगितलंत?"

"तू इचारलंस कुठं? आन् तीन दिस त्या डबीला काय झालंय म्हणून माझाच जीव खाली-वर. म्हटलं, मीच कायतरी बिघडवलं आसंल. म्हणून गप बसलो."

म्हणजे बघा, मी हॅकर शोधत होते आणि त्या बाई तीन दिवस स्वतःला गुन्हेगार समजून अर्धी भाकरी ताटात टाकत होत्या! मी व्यासपीठावरून उतरले, दुसऱ्या रांगेत गेले आणि सगळ्यांदेखत त्यांच्या पाया पडले. आक्का म्हणाल्या, "ऊठ, साडी मळंल."

सभा संपली, पण पालक हलेनात. सगळे आक्कांभोवती. कुणाचा प्रश्न, 'आमची डबी कन्नड ऐकत नाही, काय करू?' कुणाचा, 'माझ्या गाण्यांत नातवाची गाणी घुसतात, वेगळी कशी करायची?' आक्का एकेकाला समजावत होत्या, मराठीत, कन्नडमध्ये आणि त्या आपल्या हिंदीत. मी काय करत होते? पंख्याचं बटण शोधत होते. हेडबाईंनी सांगितलं होतं, आजींना उकडतंय.

घरी आल्यावर डबी साड्यांतून काढली, वायर जोडली. आक्कांनी हाक मारली आणि अख्ख्या घरात हलगी दणाणली. व्यायाम तर केलाच, वर शेंगांचं अर्धं पोतं त्या दिवशी रिकामं झालं. मी समोर बसून फोडू लागले. आणि कबूल करते, हात खरंच झपाझप चालतो हो!

सोमवारी शाळेच्या गेटवर चौथीतल्या एका मुलीच्या आईनं मला थांबवलं. मला वाटलं, सायबर सुरक्षेची शंका असेल.

"मॅडम, तुमच्या सासूबाई कितवी शिकल्यात ओ?"

"तिसरी. गावातल्या कन्नड शाळेत."

"अगं बाई! आणि तुम्ही?"

"एमसीए."

तिनं थोडा विचार केला. मग अगदी मायेनं माझ्या दंडावर हात ठेवला.

"असू दे ओ मॅडम. जमंल तुम्हालाबी हळूहळू."