एकच घ्या, पण लोखंडाचं घ्या

मुलगा सुरतेला असतो. त्यानं मोबाइलवरून हत्यारांची पेटी मागवून माझ्या पत्त्यावर धाडली. लालभडक प्लॅस्टिकची पेटी. उघडली की दोन्ही बाजूंनी खणच खण, आणि प्रत्येक खणात काहीतरी चकचकीत. नवी सून बघायला यावं तशी गल्लीतली माणसं बघून गेली. मी त्यातला पाना उचलला आणि तिथंच समजलो. हाताला वजनच नाही.

मी फोन लावला. "ही पेटी कुणी पसंत केली?"

"बापू, तिला साडेचार तारे आहेत. लोकांनी दिलेत."

"तारे आभाळात असतात. यात लोखंड कुठंय ते सांग."

"नाही आवडली तर परत पाठवू ना."

"परत तर पाठवूच. पण असली वस्तू बनवतातच कशाला?"

त्यावर तो म्हणाला, बापू, एवढ्या त्रासापेक्षा झोकाच नको, ओसरीत सोफा टाकू. मी फोन ठेवला. सोफा म्हणे.

झोक्याचं सांगतो. आमच्या ओसरीत सागाच्या फळीचा झोका होता, लोखंडी सळ्यांवर टांगलेला. बायको त्यावर बसून गहू निवडायची, शेंगा फोडायची, येणाऱ्याजाणाऱ्याची खबर घ्यायची. यंदा थंडीत ती गेली. तिला ओसरीत ठेवायचं होतं, माणसं बसायची होती, म्हणून झोका काढायला घेतला. सगळे मला विचारायला लागले, पाना कुठंय? मला काय माहीत? आमच्या घरात पाना कुठंय हे एकाच माणसाला ठाऊक होतं, आणि त्याच माणसासाठी जागा करायची होती.

मग शेजाऱ्यानं दगड आणला. एका बाजूचा तुळईजवळचा नट निघाला. दुसऱ्या बाजूचा निघेना, तर त्यानं दगड घालून घालून नटाचे सगळे कोपरे घालवले आणि शेवटी सळई वाकवून फळी सोडवली. राग मला तेव्हाच आला होता, तो अजून आहे. माणूस मेलं म्हणून त्याच्या वस्तूला दगड मारायचा का?

तेव्हापासून फळी भिंतीला टेकलेली. लेकीला फोन केला की आखाजीला माहेरी ये, तर ती म्हणाली, "बापू, ओसरी मोकळी दखाले जीव होत नई. माय नई, झोका नई, मी बसू कोठे?" आमच्या खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेक माहेरी येते आणि झोक्यावर बसते. त्याशिवाय ती आखाजी नाही. मी बोलून गेलो, आखाजीच्या आधी झोका लावतो, तू ये.

बोललो खरा, पण लावू कशानं?

वाकलेली सळई वेल्डिंगवाल्यानं सरळ करून दिली. नटाचं बोलल्यावर म्हणाला, गॅसनं कापून टाकू. सागाच्या तुळईला चिकटून गॅसची आग? मी त्याला दारातून परत पाठवला.

आमची हत्यारं चांगली होती. माझ्यामुळे नव्हे. मी चौथीपर्यंत शिकलो आणि पुढं शेतात गेलो, मला वस्तू मागून वापरायचीच सवय. बायकोनं ती एकेक करून घेतली, जसं काम पडेल तशी. पाना घ्यायला शहाद्याला गेलो तेव्हा तिनं झोक्याचाच जादा नट पदराच्या गाठीत बांधून नेला होता. दुकानात एकेक पाना त्या नटावर बसवून बघितला. हलतो का, चावतो का, जबडा सैल आहे का. मग दुसऱ्या लोखंडावर आपटून कानाशी धरला. दुकानदार हसायला लागला, तर त्याला म्हणाली, "मडकं वाजाडीसन लेतस ना? मंग लोखंड का बरं नई?" ठप्प वाजला तो बाजूला. ठण्ण वाजला तो घेतला. पक्कड अशीच, कानस अशीच, गिरमिट असंच. मला सांगायची, एकच घ्या, पण लोखंडाचं घ्या.

आणि घेतलेलं सगळं स्वतःकडे ठेवायची. त्याचं कारण मी. आमचा पहिला पाना मी कुणाला तरी दिला, तो आलाच नाही. कोणी मागितलं की माझ्या तोंडून नाही निघत नाही. तेव्हापासून मला पाना लागला तर तिला सांगायचं. ती म्हणायची, "तुम्ही बाहेर बसा, मी आनस." मी बाहेर बसायचो. ती फडक्यात गुंडाळलेला पाना आणून द्यायची आणि काम झालं की मोजून परत न्यायची. हातात घेतला की मला शिंका यायच्या. गंज असेल, तेलाचा वास असेल, मी कधी विचारलं नाही.

आता विचारायचं कुणाला? मी माळा बघितला, कोठी बघितली, तिच्या कपड्यांची पेटी बघितली. मेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. मी रागावलो. जायचं होतं तर सांगून जायचं.

शेवटी शहाद्याला त्याच दुकानात गेलो. आता तिथं जुन्या मालकाचा मुलगा बसतो. सगळा माल पुठ्ठ्यावर चिकटवलेला आणि वरून प्लॅस्टिक. मी म्हटलं, हे फोड, मला वाजवून बघायचंय.

"काका, पाकीट फोडलं की माल घ्यावा लागेल."

"बघितल्याशिवाय घेऊ कसा?"

"वरून दिसतंय की."

"वरून तर तूही दिसतोयस."

तो हसला, पण पाकीट काही फोडलं नाही. त्याच्या बापानं माझ्या बायकोला अर्धं दुकान वाजवू दिलं होतं. मी तसाच घेतला, घरी आणला, नटावर लावला आणि जोर दिला, तर पान्याचाच जबडा फाकला. नट होता तिथंच. परत घेऊन गेलो, तर म्हणतो, काका, तुम्ही जोर जास्त लावला. अरे, पाना आणखी कशासाठी असतो? जोर लावायचा नाही तर काय ओवाळायचा?

मग सुरतेची पेटी. तिच्यातल्या पान्यानं नटाचे उरलेसुरले कोपरेही नेले. पेचकसाचं टोक पिळलं गेलं. हातोडीचं डोकं निसटून अंगणात पडलं, कोंबड्या उडाल्या. एवढे खण आणि कामाचं एकही नाही. हल्ली लोक मोबाइलवर बघून घरात कारखाना मांडतात, भिंतीला खुंट्या ठोकतात आणि असला कचरा टांगतात. त्यांना माझं एवढंच सांगणं आहे, की आधी काम बघा, मग हत्यार घ्या. खिशात नट घेऊन जा. पाकीट फोडू देत नाही त्या दुकानातून उठा. मी उठलो नाही, म्हणून सांगतोय.

आखाजी दोन दिवसांवर आली. लेकीला फोन करून सांगितलं की झोका लागला नाही, यायचं तर ये, नाही तर राहू दे. हे बोलताना मला माझीच लाज वाटली.

ती म्हणाली, "झोका नई ते नई, बापू. मन्ही मायनी घागर भरनी शे ना? मी येस."

आखाजीला घरच्या गेलेल्या माणसांसाठी पाण्याची घागर भरतात. तिच्या आईची ही पहिलीच. आदल्या दिवशी ती आली, ओसरीकडे न बघता सरळ चुलीपाशी गेली. तिखट संपलेलं होतं. एकटा माणूस, मी तिखट कुठं करू? शिवाय मिरचीचं आणि माझं वैर. मिरचीच्या मुलखात जन्मलो, पण सुकी मिरची नुसती हलवली तरी मला ठसका लागतो. बायको मिरची निवडायची तेव्हा मी शेतात निघून जायचो. तिच्या सुक्या मिरचीच्या पिंपाच्या वाटेला मी जन्मात गेलो नाही.

लेकीनं मिरच्या काढायला पिंपात हात घातला, पार तळापर्यंत. मग थांबली.

"बापू, आठे काय शे?"

तेलानं मळलेलं लुगड्याचं फडकं वर आलं. सोडलं तर आत पाना, पक्कड, पेचकस, गिरमिट, कानस. एकालाही गंज नाही. मला धडाधड शिंका सुटल्या आणि लेक मटकन खाली बसून हसायला लागली. हसता हसता रडली, मग परत हसली.

म्हणजे सगळा संसार होईपर्यंत या बाईनं मला शिंका काढायला लावल्या. कुठं ठेवते हे मला कळलं तर मी गावाला वाटून टाकीन, म्हणून बरोबर तिथं ठेवलं जिथं माझा हात जायचा नाही. नवऱ्याला कोणी चोरासारखं वागवतं का? मी लेकीला तसं म्हटलं. ती म्हणाली, चोर नाही बापू, दानशूर.

मी शिडीवर चढलो. कानशीनं नटाला दोन बाजू पुन्हा सपाट केल्या, मग पाना लावला. जबडा तसूभर हलला नाही. आधी करकर झाली, मग नट सुटला. सळई अडकवली, नवा नट आवळला. लेकीनं फळी पुसली आणि आधी मला बसवून बघितलं. मोडला तर म्हाताराच पडू दे, म्हणाली. मग स्वतः बसली आणि पाय टेकवून जोरात झोका घेतला.

झोक्याचा आवाज पलीकडे गेला असणार. शेजारी आला, तोच दगडवाला.

"झोका लागना वाटस! भाऊ, पाना दे ना जरा. मोटरना नट ढिला व्हई गया."

पाना माझ्या मांडीवरच्या फडक्यात होता. हात सवयीनं पुढं व्हायला लागला.

झोक्यावरून लेक म्हणाली, "पाना नई, काका. पाना माय संगे लई गयी."

शेजाऱ्यानं माझ्याकडे बघितलं. मिरचीनं माझे डोळे लाल, नाक वाहतंय, गाल ओले. त्याचा चेहरा उतरला. "नको रडू भाऊ," म्हणाला, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि निघून गेला.

मिरची आहे म्हणून मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पाना द्यावा लागला असता.