चौथ्या टेबलाची राज्यघटना

अभ्यासिकेत बोलायला बंदी असते, आणि जिथे बोलायला बंदी तिथे किस्से फार साठतात. आमची अभ्यासिका सोलापुरात सात रस्त्याजवळ, तिसऱ्या मजल्यावर. खाली रिक्षांचे हॉर्न आणि वर आम्ही सगळे ओठातल्या ओठात राज्यघटना पाठ करत बसलेलो. मी तिथे चार वर्षं स्पर्धा परीक्षेचा अभ्यास केला. गेले होते उपजिल्हाधिकारी व्हायला, आता एका सरकारी कचेरीत आवक-जावक बघते. किस्से मात्र क्लास वन जमले!

आमचं टेबल चौथं. त्यावर आम्ही चौघं: मी, माझ्याच टेंभुर्णीचा दत्ता, तेलुगू बोलणाऱ्या विणकर घरातली अंबिका आणि टेम्पोवाल्या चाचांचा इरफान.

*

टेबलाला पंखा एक आणि डोकी चार. रोजच्या भांडणाला कंटाळून दत्ताने एका सोमवारी टेबलाची घटनाच लिहून काढली. सुरुवात, "आम्ही, चौथ्या टेबलाचे लोक". कलम एक, पंखा फिरता राहील. खाली आमच्या सह्या.

त्याच दुपारी इरफानने पहिली घटनादुरुस्ती आणली, की जेवणानंतर ज्याला झोप येते त्याच्याकडे पंखा राहील. गुरुवारपर्यंत सात दुरुस्त्या झाल्या. शुक्रवारी दत्ताने मला आणि इरफानला चहा पाजला आणि पंखा कायमचा स्वतःकडे वळवून घ्यायची दुरुस्ती तीन विरुद्ध एक मतांनी मंजूर करून घेतली.

अंबिकाने पुस्तकातून मान वर केली नाही. "पंखा फिरता असणं हा घटनेचा मूळ ढाचा आहे. कितीही बहुमत असलं तरी त्याला हात लावता येत नाही," म्हणाली.

दत्ताने पेन खाली ठेवलं, कारण मागच्या पेपरात त्याचा नेमका हाच प्रश्न चुकला होता. तेवढ्यात लाइट गेली आणि सगळ्यांचे हक्क एकदमच स्थगित झाले.

*

अंबिकाची पाठांतराची तऱ्हा वेगळी. इंग्रज गव्हर्नर जनरलांचा क्रम लक्षात राहीना, म्हणून तिने आपल्या गल्लीतलं एकेक घर एकेका साहेबाला दिलं. कोपऱ्यातलं पहिलं घर पहिल्या साहेबाचं, मग पुढचं दुसऱ्याचं. गल्लीत यल्लप्पा मामा म्हणून एक होते. शेजारच्या म्हातारीला मूलबाळ नाही हे बघून त्यांनी तिच्या अंगणात हळूहळू आपली भिंत सरकवली होती. संस्थानं खालसा करणारा साहेब अर्थातच त्यांच्या घरात गेला.

क्रम असा पाठ झाला की आम्हाला हेवा वाटायचा. मग क्लासच्या सराव परीक्षेत प्रश्न आला, भारतात रेल्वे कोणाच्या काळात सुरू झाली? घाईघाईत अंबिकाने लिहिलं, "यल्लप्पा मामांच्या काळात. त्यांनी तार आणि टपाल खात्यातही मोठ्या सुधारणा केल्या."

सरांनी अर्धा मार्क दिला. बाजूला लाल पेनाने शेरा होता, "बाकीची माहिती बरोबर आहे."

*

दत्ताचा परीक्षेतला नियम कडक. चुकलेल्या उत्तराला मार्क कापतात, म्हणून शंभर टक्के खात्री नसेल तर तो गोल मोकळा सोडायचा. ही सवय त्याच्या अंगात इतकी भिनली की चहा कसा झालाय विचारलं तरी तो गप्प बसायचा.

टेंभुर्णीला घरच्यांनी त्याला एक मुलगी दाखवली. पोहे झाले, चहा झाला. मुलीच्या मामाने विचारलं, "मग पावनं, पोरगी पसंत हाय न्हवं?" दत्ता गप्प. मामाने परत विचारलं. हा खाली मान घालून सतरंजी बघत राहिला. शेवटी ती मंडळी काय समजायचं ते समजली आणि त्यांनी दत्ताच्या घरच्यांना निरोप दिला.

तो परत आल्यावर मी चिडून विचारलं, की अरे, आवडली नव्हती का? तर म्हणाला, "लई आवडली हुती. पर तिला मी आवडलोय का न्हाय, खात्री न्हवती की."

ती मुलगी आता तलाठी आहे. दत्ताची तयारी अजून चालू आहे.

*

इरफानचे वडील, म्हणजे आमचे चाचा, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतून टॉवेल-चादरींचे गठ्ठे भरून टेम्पो चालवायचे. इरफानला स्वतःच्या आवाजात नोट्स रेकॉर्ड करायची सवय होती. एकदा त्याचं मेमरी कार्ड टेम्पोतच राहिलं आणि चाचांनी ते लावून बघितलं. त्या दिवसापासून टेम्पोत गाणी बंद.

हमाल बिचारे वैतागले. गठ्ठे चढवताना त्यांना राष्ट्रपतींवरचा महाभियोग ऐकावा लागायचा. एका कारखान्याच्या वॉचमनने पावती नाही म्हणून चाचांना गेटवर अडकवून ठेवलं, तेव्हा चाचा शांतपणे म्हणाले, "रखो. मगर चौबीस घंटे में मॅजिस्ट्रेट के सामने खड़ा करना पड़ता, मालूम है ना?" वॉचमनने गेट उघडलं आणि वर पाणीही विचारलं.

*

आता शेवटचा. चाचांचा खांदा दुखायला लागला होता. गिअर टाकताना त्यांचं तोंड वाकडं व्हायचं. इरफानने आम्हाला आणि घरीही सांगून टाकलं, की यंदा नाव नाही आलं तर पुस्तकं बंद, टेम्पो मी चालवणार.

निकाल दुपारी लागला. यादी त्याने तीनदा बघितली, मग मी बघितली. नाव नव्हतं. एकट्याने सांगायचा धीर होईना, म्हणून मला सोबत घेऊन तो एमआयडीसीत गेला.

टेम्पो भरून उभा होता आणि आत इरफानचाच आवाज चालू होता. तो सरळ ड्रायव्हरच्या दाराशी गेला. "नाम नहीं आया, अब्बा. चाबी दो."

चाचांनी आवाज बारीक केला.

"एक बात पूछनी थी," म्हणाले. "दो साल से पूछूँ पूछूँ कर रहा था. तू इसमें बोलता, नागरिक के मूलभूत कर्तव्य ग्यारा. और गिनाता दसच. मैं हर बार उँगली पे गिनता. ग्यारवाँ कौन सा?"

इरफानचा चेहरा पडला. दोन वर्षं तोही मोबाइलवर त्याच नोट्स ऐकून परीक्षा देत होता. खाली बघत म्हणाला, "माँ-बाप ने बच्चे को पढ़ाना. छह साल से चौदा साल का होने तक."

"चौदा तकच?"

"हौ."

चाचांनी चावी खिशातून काढली आणि स्वतःच लावली.

"फिर तो मेरा ओवरटाइम चल रहा है रे," म्हणाले. "चढ़ उधर से. तुम दोनों को सात रस्ते पे छोड़ता."