आमच्या आईंची नसलेली शुगर बरी झाली!

गेल्या रविवारी सकाळी आम्ही अचानक हसनाबादला जाऊन आलो. ठरलेलं काहीच नव्हतं... चहा अर्धा टाकून निघालो.

झालं असं, की तिकडून वैशालीचा फोन आला. वैशाली म्हणजे गयामावशींची सून, आणि गयामावशी म्हणजे माझ्या सासूबाईंची धाकटी बहीण. मावशींना बऱ्याच वर्षांपासून शुगर आहे.

त्यांनी परस्पर गोळ्या बंद केल्या होत्या. आदल्या दिवसापासून चक्कर येत होती, सारखी तहान लागत होती, आणि दवाखान्यात चला म्हटलं की त्या पाठ फिरवून झोपत होत्या. वर एकच पालुपद... "आक्कानं घेतलं तेच मी घेणार."

आक्का म्हणजे आमच्या आई, माझ्या सासूबाई. त्यांनी काय घेतलं, ते आम्हाला कुणालाच कळेना. मग वैशालीने एक व्हिडिओ पाठवला.

शुगरच्या कुठल्याशा पावडरची जाहिरात होती. आधी पांढरा कोट घातलेला एक माणूस बोलला, आणि मग स्क्रीनवर आल्या... आमच्या आई! नणंदेच्या मुलीच्या साखरपुड्यातली ती मोरपंखी साडी, तेच हसू. खाली लिहिलं होतं, 'अकोल्याच्या सुशीलाबाई'. मागून कुणी बाई सांगत होती, की माझी जुनी शुगर मुळापासून गेली, आता गोळी नाही की पथ्य नाही.

आईंना शुगर नाही. कधीच नव्हती. चहात साखर कमी पडली तर त्या आजही कप परत पाठवतात... साखरपुड्याचे फोटो घरातल्या कुणीतरी फेसबुकवर टाकले होते, तिथूनच हा फोटो उचलला असणार.

मला आधी हसूच आलं. आईंनी मात्र व्हिडिओ परत एकदा लावून पाहिला, फोन माझ्या हातात दिला आणि एवढंच म्हणाल्या, "चल जल्दी. गया मरंल अशानं."

जालन्यातल्या आमच्या मस्तगडहून हसनाबाद येईपर्यंत त्यांनी गाडी कुठे थांबू दिली नाही.

पोचलो तेव्हा मावशी बाजेवर भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. बहिणीचा आवाज ऐकूनही वळल्या नाहीत. आई बाजेच्या कडेला टेकल्या.

मावशी भिंतीकडेच बघत बोलल्या, "तुला शुगर झाली, बरी बी झाली... आन् मला कळू दिलं न्हाई तू."

खरं दुखणं हे होतं.

आई म्हणाल्या, "अगं, मला शुगरच न्हाई. मंग बरी कशी होईल?"

मावशी वळल्या. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. नाव वेगळं, गाव वेगळं, हे त्यांनीही पाहिलं होतं. पण लोकांना कळू नये म्हणून आक्काने नाव बदलून सांगितलं असेल, असा त्यांनी अर्थ लावला. आवाज तरी माझा होता का, असं आईंनी विचारलं, तर म्हणाल्या, "मला वाटलं, कॅमेऱ्यासमोर हाय म्हणून शहरातल्यावानी बोलून राह्यली."

सख्ख्या बहिणीने आपल्यापासून आजार लपवला याचा राग आला, म्हणून फोन करणं सोडलं... आणि त्याच रागात पावडर मागवली. ती लागू पडायला आधीपासून गोळ्या बंद ठेवा, असं ऑर्डर घेणाऱ्या माणसाने सांगितलं होतं. पावडर अजून यायचीच होती. इकडे गोळ्याही नाहीत आणि तिकडे पार्सलही नाही!

आईंनी हाताला धरून उठवलं तेव्हा मात्र मावशी मुकाट्याने दवाखान्यात आल्या. शुगर खूपच वाढली होती. डॉक्टरांनी आणखी तपासण्या केल्या, सलाईन लावलं. तेवढा वेळ आई बाहेरच्या बाकावर पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या होत्या. त्यांना इतकं घाबरलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

मग डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, की जालन्याला न्यायची गरज नाही. गोळ्या आजपासून पुन्हा सुरू करा, वेळेत आलात... जीव भांड्यात पडणं म्हणजे काय, ते मला त्या बाकाशेजारी उभं असताना कळलं.

दुपारी मावशींच्या घरी परत आलो, तर त्यांचा फोन वाजला. कुरिअरवाला होता, पार्सल घेऊन वेशीपाशी आला होता. मावशींनी हात पुढे करायच्या आत आईंनी फोन उचलला.

"ज्या बाईची शुगर बरी झाली म्हणून सांगतेत ना, तीच बोलून राह्यले. मला काई झालंच नव्हतं. पार्सल परत घेऊन जा."

तो बिचारा काय समजला कुणास ठाऊक! "बरं मावशी," म्हणून त्याने फोन ठेवला. गयामावशी सकाळपासून पहिल्यांदाच हसल्या... आणि मग दोघी बहिणी डोळ्यांना पदर लावून बसल्या.

आम्ही सगळ्यांनी त्या जाहिरातीची तक्रार केली आहे. ती निघाली की नाही, माहीत नाही. पण काल वैशालीने सांगितलं, की मावशींची शुगर बरीच उतरली आहे आणि कारल्याच्या भाजीवर कुरकुर सुरू झाली आहे. ही कुरकुर ऐकून इतकं बरं वाटेल, असं कधी वाटलं नव्हतं.

परत येताना मी मनात मावशींना भोळं ठरवत होते. नंतर लक्षात आलं, त्यांनी जाहिरातीवर विश्वास ठेवलाच नव्हता. त्या पांढऱ्या कोटवाल्यावरही नाही. त्यांनी विश्वास ठेवला तो बहिणीवर, आणि जाहिरात करणाऱ्याने नेमका तोच चोरला.

म्हणून एवढंच सांगते... जाहिरातीत कुणी ओळखीचं दिसलं, तर काही मागवण्याआधी त्या माणसालाच एक फोन करा. आमच्याकडे रुसवा आधी झाला आणि बोलणं नंतर. तरी वेळेत झालं, यातच सगळं आलं.