हाताला यायला पायजे

वस्तू घ्यायची झाली की तो आधी डोळे मिटायचा. खिशातली तंबाखूची डबी असो, नाहीतर माझ्या बाकावरचा पान्हा. डोळे मिटून हात सरळ पुढं करायचा. सापडली तर म्हणायचा, "जाग्यावर हाय." नाही सापडली तर डोळे न उघडताच म्हणायचा, "मिस्त्री, हाताला यायला पायजे."

पहिल्या दिवशी मला वाटलं, माणूस थोडा सरकलेला आहे.

मी गाड्यांच्या बॉड्या बांधतो. परभणीत चाळीस वर्षं हेच केलं. टेम्पो, जीप, शाळेच्या गाड्या. शिक्षण तिसरी, पण माझ्या हातचा पत्रा खडखडला असं कुणी म्हणून दाखवावं. आमच्या जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या नगरपालिकेनं अग्निशमनासाठी नवी व्हॅन घेतली. पाणी मारणारा बंब त्यांच्याकडे होताच. ही गाडी माणसं आणि सामान न्यायची. आतून रिकामी, नुसता डबा. तिच्यात बाकडी, कप्पे, खुंट्या बसवायचं काम माझ्याकडे आलं, आणि गाडीसोबत हा आला. हुद्दा लीडिंग फायरमन, राहणार पेडगाव, अंगावर खाकी, पायात झिजलेले बूट. "जयभीम मिस्त्री" म्हणाला आणि ऑफिसातून आलेला नकाशा माझ्यासमोर न उघडताच बाजूला ठेवला.

नकाशा चांगला होता. साहेबासाठी पुढं गादीची खुर्ची, मागं काचेच्या दाराचं कपाट, कपाटाला कुलूप.

"किल्ली कुणापाशी ऱ्हाईल?" त्यानं मला विचारलं.

"मला काय ठाव? तुमच्या स्टोअरकीपरपाशी."

"तो लगीनसराईत आठ-आठ दिवस गावाकडं असतो. तवर आगीला बसा म्हणायचं का?"

मग त्यानं स्वतःची दस्ती काढली आणि माझ्या डोळ्यांवर बांधली. गाडीत चढवलं. "पहार काढा," म्हणाला. पहार मीच ठेवली होती, पाच मिनिटांपूर्वी. मी हात घातला तर शिडी लागली. मग अँगलवर कपाळ आपटलं. शेवटी हातात आलं ते पाण्याच्या पाइपाचं तोंड. मी दस्ती ओढून फेकली. चाळीस वर्षं काम केलेल्या कारागिराला आंधळी कोशिंबीर खेळायला लावतो! मी लय बोललो त्याला. तो शांतपणे दस्ती उचलून झटकत होता.

"धुरात असंच असतंय मिस्त्री. बॅटरी लावली तर नुसता पांढरा पडदा दिसतो. म्हून म्हणतो, हाताला यायला पायजे."

त्या रात्री मला झोप लागली नाही. कपाळ दुखत होतं म्हणून नव्हे. तो बरोबर होता म्हणून.

तीनदा मी ते कप्पे तोडून पुन्हा बांधले. कड्या लहान होत्या, त्यानं जाड हातमोजा घालून दाखवलं की बोट आत जात नाही. कड्या मोठ्या केल्या. वरची फळी उंच होती, त्यांच्यातला सगळ्यात बुटका माणूस बोलावून आणला आणि त्याच्या खांद्याएवढी फळी खाली घ्यायला लावली. मी मोठ्या हौसेनं प्रत्येक खुंटीमागं पिवळ्या रंगानं त्या-त्या हत्याराचं चित्र काढलं. चित्र पाहून तो खुश झाला. मग डोळे मिटले आणि म्हणाला, "आता दिसंना की."

शेवटी सुतळी आणली. पहिल्या खुंटीला सुतळीचा एक वळसा, घट्ट गाठ मारून. ती पहारीची. दुसरीला दोन वळसे, जळतं छप्पर ओढून पाडायच्या लांब हुकाची. तिसरीला तीन वळसे. ती सगळ्यात महत्त्वाची, दाराजवळची. तिथं पाठीवर घ्यायचं हवेचं नळकांडं आणि तोंडावरचा मुखवटा. ते लोक त्याला नुसतं सेट म्हणायचे. चौथीला दोर. अशा बारा खुंट्या. हातमोज्यातूनसुद्धा वळसे मोजता येतात का ते त्यानं पन्नासदा करून पाहिलं. माझ्याकडूनही करून घेतलं. अजून झोपेत विचारलं तरी सांगीन.

गाडी निम्मी होईस्तोवर मी त्याला अहोजाहो करत होतो, मग आपोआप अरेतुरेवर आलो. तो मात्र शेवटपर्यंत मला तुमीच म्हणाला. दुपारी माझ्याच घरी जेवायचा. तिथंही तेच. डोळे मिटून कांद्याकडे हात. एकदा आमच्या घरच्या मंडळींनी मुद्दाम कांद्याच्या जागी ठेच्याची वाटी सरकवली. बोटं ठेच्यात गेली, तीच डोळ्याला लागली, आणि हा मोरीकडं धावत ओरडतोय, "वहिनी, जागा बदलली! सांगून तर बदलायची!" आम्ही दोघं पोट धरून हसलो. आज ते आठवलं की हसू येत नाही.

गाडी गेली. पालमकडं एका विहिरीत म्हैस पडली होती तिथं तिचा पहिला उपयोग झाला. त्यानं फोन करून सांगितलं, "मिस्त्री, दोर न बघता काढला. चार वळसे." म्हैस वाचली का ते सांगायचं तो विसरला. मीही विचारायचं विसरलो.

आता जे लिहायचं आहे ते लिहितो.

खंडेनवमी आली. आपल्याकडं त्या दिवशी हत्यारांची पूजा असते हे मी सांगायला नको. मीसुद्धा माझी हातोडी, ग्राइंडर, वेल्डिंगचं मशीन धुऊन पुसून मांडतो. नगरपालिकेत नवे मोठे साहेब आले होते. त्यांनी ठरवलं, फायर स्टेशनसमोर लाल गालिचा अंथरायचा, गाडीतलं सगळं सामान बाहेर काढून ओळीनं मांडायचं, पुढाऱ्यांच्या हस्ते पूजा आणि फोटो. गाडी बांधणारा म्हणून मला शाल-नारळासाठी बोलावणं आलं. मी इस्त्रीचा सदरा घालून गेलो.

तो गाडीच्या दारात आडवा उभा होता. "साहेब, गाडीत चढा, जाग्यावरच हळद-कुंकू लावा. झेंडूचं फूल खुंटीला अडकवा. माझं काही म्हणणं न्हाई. पण सामान हलवू नका."

साहेब हसून चारचौघांत म्हणाले, "तुम्हाला पूजेचंच वावडं दिसतंय."

कशावरून बोलले ते सगळ्यांना कळलं होतं. तो एवढंच म्हणाला, "पूजेचं न्हाई साहेब. हलवण्याचं." आणि त्यानं माझ्याकडं पाहिलं. तिथं जमलेल्या सगळ्या माणसांत त्या बारा खुंट्यांची किंमत कळणारा मी एकटा होतो. मी बोललो असतो तर ऐकलं असतं, मी पाहुणा होतो, वयानं मोठा होतो, खंडेनवमी पाळणारा होतो. माझं म्हणणं कुणी असं उडवून लावलं नसतं.

मी म्हणालो, "होऊ दे रे. तासाभराचं तर काम हाय."

तो दारातून बाजूला झाला.

सामान निघालं. गालिच्यावर मांडलं. पहारीला हार, हुकाला हार, सेटच्या मुखवट्याला गंध. फोटो झाले. माझ्या खांद्यावर शाल पडली. नारळ फोडायला घेतला आणि फोन वाजला. गावाबाहेरच्या जिनिंगमध्ये आग. नव्या कापसाचे ढीग पडले होते, शेडमध्ये बाया काम करत होत्या.

बंब पुढं निघाला. इकडं जो तो हाताला येईल ते गाडीत टाकत होता. पहार, दोर, हार, गालिचा, सगळं. तो ओरडत होता, "खुंटीला! खुंटीला लावा!" साहेब ओरडत होते, "चला, चला, उशीर होतोय!" मीही शिडी उचलून आत ढकलली आणि गाडी सुटली तेव्हा आतच राहिलो. म्हणून पुढचं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

कापसाचा धूर कसा असतो ते मानवतकडच्या लोकांना विचारा. जिनिंगपाशी दार उघडलं तसा धूर गाडीतच घुसला. मला माझा हात दिसेना. शेडमधून एका बाईचा आवाज येत होता, ती "माय गं, माय गं" करत होती. तो माझ्या शेजारी होता. त्याचा हात खुंट्यांवरून फिरताना मी ऐकला. एक वळसा. दोन वळसे. तीन वळसे.

खुंटी रिकामी होती.

"मिस्त्री, सेट?" एवढंच बोलला. मी खाली गुडघ्यावर बसून चाचपडलो. हाताला शिडी लागली, झेंडू लागला, गालिचा लागला. बाईचा आवाज बारीक झाला. त्यानं दस्ती पाण्यात बुडवली, तीच दस्ती, तोंडाला बांधली आणि आत गेला.

बाईला त्यानं बाहेर आणलं. ती जगली, अजून जिनिंगला जाते. त्याच्या अंगावर भाजल्याची खूण नव्हती. लोकांनी टाळ्या वाजवल्या. धूर छातीत गेला होता, तो कुणाला दिसत नव्हता. सेट नंतर सापडला. गालिच्याच्या गुंडाळीखाली, पट्ट्यात हार अडकलेला.

दवाखान्यातून घरी आला तेव्हा त्याच्याआधी नोटीस पोचली होती. मी पेडगावला गेलो तेव्हा त्यानं ती माझ्यासमोर धरली. मी बोट ठेवून ठेवून वाचली. गाडीची जिम्मेदारी सदर कर्मचाऱ्याची असताना त्यानं सेट जागेवर ठेवला नाही, आणि सेट न घालता आत गेला, याचा खुलासा करावा.

जागेवर ठेवला नाही! त्यानं!

"मी जातो," म्हणालो. "मी सांगतो काय झालं ते."

"जाऊ द्या मिस्त्री." तो दोन शब्दांमागं एकदा थांबत होता. "पण एवढं... लिहून घ्यायला लावा. सेट... मी हलवला न्हाई."

त्याचं दुसरं काही मागणं नव्हतं. ना सत्कार, ना बढती.

मी ऑफिसात गेलो. शाल घेऊन गेलो, ती टेबलावर ठेवली आणि म्हणालो, "जबाब लिहून घ्या."

कारकून म्हणाला, "शिक्षण?"

"तिसरी."

"गाडीशी तुमचा संबंध?"

"मी बांधली."

"काम संपल्यावर संबंध संपला ना मग. साहेब बोलवतील तेव्हा या."

मी जिना उतरून फाटकापर्यंत आलो तर शिपाई मागून धावत आला. मला वाटलं, बोलावलं. तो म्हणाला, "मिस्त्री, शाल विसरलात."

सहा वेळा गेलो. साहेब मीटिंगमध्ये, साहेब दौऱ्यावर, साहेब बदलून गेले. नव्या साहेबाला प्रकरण माहीत नव्हतं. आणि तिकडं पेडगावला, गेल्या उन्हाळ्यात, माझा फायरमन वारला. शेवटी शेवटी त्याला पाण्याचा तांब्यासुद्धा उचलत नव्हता. पण त्याच्या बायकोनं सांगितलं, तांब्या एकाच जागी ठेवायला लावायचा. नोटीस कागदावर अजून तशीच आहे. चूक त्याची, असं तिथं लिहिलेलं आहे.

म्हणून मी हे लिहिलं. माझा जबाब त्यांनी घेतला नाही, तो तुम्ही वाचला. सेट त्यानं हलवला नाही. ज्यांनी हलवला त्यांचे फोटो छापून आले, आणि त्या फोटोत एका कडेला शाल घेऊन मी उभा आहे.

मागच्या आठवड्यात ती गाडी पाहून आलो. दाराची बिजागरी बघायची आहे असं सांगितलं. आता तिच्यातून समारंभाच्या खुर्च्या नेतात. मी आत चढलो, डोळे मिटले आणि हात घातला. सुतळी काळी पडली आहे, पण गाठी सुटलेल्या नाहीत. एक वळसा. दोन वळसे. तीन वळशांच्या खुंटीवर काहीतरी मऊ लागलं.

गुंडाळलेला लाल गालिचा होता.

मी तो उपसून काढला आणि दारातून खाली फेकून दिला. धुळीत जाऊन पडला. शिपाई धावत आला.

"ओ मिस्त्री, काय करायलाव? त्याची जागा तीच हाय!"

"न्हाई," मी म्हणालो, आणि डोळे उघडले.