संपवल्या

काजवाली दिवसाला दीडशे काजं पाडायची, पण शब्द बोलायची मोजून दीड. शिवणाच्या दुकानात शेजारीच बटणं लावत बसणारी तिची थोरली जाऊ म्हणायची, "हिच्या तोंडाला कुणी काजच पाडलं नाही!"

फोनवरच्या 'मोकळं बोलू' या गटातही ती आठ महिने नुसती वाचत होती. छातीत धडधडणं, झोप उडणं, गोळ्यांनी तोंड कोरडं पडणं, हे आपल्या एकटीचंच नाही, ते तिथे कळलं. डॉक्टरकडे जायचं धाडसही तिथूनच आलं. घरी मात्र कुणाला पत्ता नव्हता.

त्या दुपारी गटातल्या 'चिमणी'ने लिहिलं, "सगळ्या गोळ्या संपवल्या. आता निवांत झोपते."

खाली भराभर फुलांची, जोडलेल्या हातांची चित्रं पडली. 'शांत झोप लागो.'

काजवालीचा हात थबकला. संपवल्या म्हणजे? औषध पुरं झालं, की एकदमच...?

तिने पहिल्यांदा गटात लिहिलं, "किती होत्या? एका वेळी घेतल्यात का?"

उत्तरासाठी ती पडद्यावर पुन्हा पुन्हा बोट मारत राहिली.

"टेलरमास्तर शर्ट मागतायत," जाऊ म्हणाली. "आणि तू काय फोनला काजं पाडतेस?"

तिने चिमणीला फोन लावला. वाजून वाजून बंद. पुन्हा लावला. गट चालवणाऱ्या बाईंना कळवलं, पत्ता असेल तर कुणाला तरी ताबडतोब पाठवा. देवा, मला खोटं पाड, हसू होऊ दे माझं, असं पुटपुटत राहिली.

पाचव्यांदा फोन उचलला गेला.

"झोपू नका!" काजवाली ओरडली. दुकानातली मशिनं थांबली. "संपवल्या म्हणजे काय केलंत? मीही एकदा मुठीत घेऊन बसले होते, मला कळतं!"

पलीकडून पेंगुळलेला आवाज आला, "अहो बाई, डॉक्टरांनीच बंद केल्या! शेवटची काल घेतली. दोन वर्षांनी बिनगोळीची झोप लागली होती, ती तुम्ही मोडलीत!"

काजवालीने फोन खाली ठेवला. वळून पाहते तर जाऊ समोर उभी. दातात धरलेला दोरा तसाच लोंबत होता.

"मुठीत काय घेऊन बसली होतीस गं?"

"गोळ्या," काजवाली म्हणाली. आतून मास्तरांची हाक आली.

"शर्ट उद्या मिळतील!" जाऊ खेकसली आणि तिच्यापाशी सरकली. "कुठे ठेवतेस त्या?"

"बॉबिनच्या डब्यात."

"आजपासून माझ्या बटणांच्या डब्यात. रोजची मी देणार. चल, आण."