सेवेची सुट्टी, भरपगारी

आमच्या जळगावच्या डाळ मिलमध्ये तूर निवडावी लागते, किस्से मात्र आपोआप साठतात. शेठजींच्या सूनबाई प्राचीताईंनी 'सेवेची सुट्टी' काढल्यापासून तर रास लागलीय. एक दिवस समाजसेवा करा, पगार चालू!

*

पहिली सुट्टी डिस्पॅचच्या भास्करने मारली. पुरावा म्हणून फोटो पाठवला : सासूबाईंचे पाय चेपतोय. प्राचीताई म्हणाल्या, "मंजूर. फक्त सासूबाईंची सही आणा." भास्करने गुपचूप बिनपगारी रजा टाकली.

*

मग पाचोऱ्याजवळच्या उजाड टेकडीवर झाडं लावायला गेलो. सगळी केळीवाल्यांची पोरं! दोरी धरून सरळ ओळीत, सारख्या अंतरावर कडुनिंब लावले, वर ठिबकही टाकलं. शेठजी बघतच राहिले. "अरे, जंगल लावायला सांगितलं होतं. याची काढणी कधी?"

*

खरी फजिती दोंडाईच्याकडे झाली. कॅन्टीनच्या अक्कांच्या गावची शाळा रंगवायची होती. गावाने भरीत-भाकरीचा बेत केलेला. ताव मारून झाडाखाली आडवे झालो, उठलो तर शाळा रंगवून तयार. सरपंच म्हणाले, "पाहुना दमेल शेतस, त्यासले काय उठाडनं?"

शेठजी तापले. "सेवा गावाने केली, पगार मी दिला. पुन्हा असं झालं तर सुट्टी बंद."

आमच्यापेक्षा अक्का जास्त घाबरल्या. त्याच शाळेत मुलींच्या संडासाला पाणी नव्हतं, मोठ्या मुली शाळा सोडत होत्या. विहिरीवरून नळ आणायचं आम्ही कबूल केलं होतं.

*

सगळी मिल गेली. लक्ष ठेवायला शेठजी स्वतः आले. दुपारी भरीत पुन्हा आलं, पण कोणी हात लावला नाही. "पाणी येईपर्यंत घास नाही," फिटर नाना म्हणाले. शेठजींसाठी बिनकांदा-लसणाची खिचडी होती. ते जैन, सूर्य मावळल्यावर पाणीसुद्धा घेत नाहीत. पण तेही जेवले नाहीत, पॅन्ट दुमडून चरात उतरले.

सूर्य मावळला आणि मग नळाला पाणी आलं! काय ओरडलो आम्ही! अक्कांनी तांब्या भरून थेट शेठजींपुढे धरला. "शेठ, पहिलं पानी तुमले."

शेठजींनी तांब्याला हात जोडले आणि दोंडाईच्याला बहिणीकडे मुक्कामाला निघून गेले.

सकाळी मिलमध्ये प्राचीताईंचा फोन वाजला.

"बेटा, मी शाळेत आहे. नळावर पोरींच्या मागे रांगेत उभा आहे. आज माझी सेवेची सुट्टी लाव."