खळबाईचा डबा

सरकारी वस्तुसंग्रहालयात तिला सगळे खळबाई म्हणत. मोठ्या दालनाच्या छतावर दोनशे वर्षांपूर्वीचं चित्र, आणि त्याच्या कडेनं भिंतीत उतरलेली चीर. त्या चिरेवर ही बाई कागदाच्या पातळ पट्ट्या खळीनं डकवायची, प्रत्येकीवर तारीख घालून. पट्टी फाटली की समजायचं, भिंत सरकली. सत्तावीस वर्षं तिनं हे काम जिवापाड केलं, एक गोष्ट सोडून.

फाटके कागद पाहिले की तपासणीला आलेल्या साहेबलोकांच्या कपाळाला आठ्या पडत. "हे काय लोंबतंय? स्वच्छता नावालाही नाही!" चीर वाढतेय हे सांगून तिची जीभ झिजली, पण कोणी मनावर घेतलं नाही. शेवटी बोलणी खाऊन कंटाळलेली बाई तपासणीच्या आदल्या दिवशी फाटक्या पट्ट्या काढायला लागली. जागी नव्या डकवायची, वर जुनीच तारीख. काढलेल्या मात्र टाकवेनात, म्हणून डब्यात ठेवायची.

आज साहेब आले ते संग्रहालयातल्या सातातली पाच पदं रद्द करायचा आदेश घेऊनच. दालनाच्या मधोमध टेबल मांडून बसले.

"बाई, तुमच्याच नोंदी सांगतात, नऊ वर्षांत एकही पट्टी फाटली नाही. मग इथं माणूस कशाला? कॅमेरा बघेल."

खळबाईनं चिरेकडे पाहिलं. केसभर सरकलेली भिंत कॅमेऱ्याला काय कळणार, कपाळ? आणि खाली लोक माना वर करून उभे राहणार. पण निवृत्तीला आठच महिने उरले होते. सकाळीच लेकीनं बजावलं होतं, "आई, आज तोंडाला कुलूप. हातची पेन्शन घालवू नकोस."

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं.

"थांबा साहेब." तिनं कपाटातला डबा आणून टेबलावर उपडा केला. "या सगळ्या इथल्याच. तुम्ही यायच्या आदल्या दिवशी मी बदलायचे. जुनी तारीख घालून."

"म्हणजे नोंदी खोट्या?"

"नोंदी खोट्या. चीर खरी आहे."

"अहो बाई, नोकरी जाईल!" तिकीट खिडकीवरचे भाऊ दारातून कळवळले.

"जाऊ दे, भाऊ. माणसं मेल्यावर काय नोकरी चाटायचीय?"

साहेब एकेक पट्टी हातात घेऊन बघत राहिले. शेवटची कालच काढलेली होती. त्यांनी वर चित्राकडे पाहिलं, खुर्ची उचलली आणि दाराशी जाऊन बसले.

महिन्याभरात छताला टेकू लागले. पदं रद्द करायचा आदेश मागे घेतला. खोट्या नोंदींबद्दल खळबाईला मात्र घरी बसवलं, पेन्शनही अडकली. लेक चार दिवस बोलली नाही.

जायच्या दिवशी तिनं आपल्या जागी आलेल्या बाईंना खळ शिजवून दाखवली. दाट हवी, म्हणजे कागद सुटत नाही, फाटतो. मग किल्ल्या त्यांच्या हातात दिल्या.

"साहेब येणार असले तरी फाटलेली तशीच राहू द्या," ती म्हणाली. "कितीही बोलले तरी."